पेपर पूर्ण सोडवायची सवय आणि कॅट

"पेपर पूर्ण सोडव, एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस." दहावी-बारावीला घरातून निघताना आईकडून हे ऐकलं नाही असा मुलगा मला अजून भेटायचाय. बोर्डाला ते ठीकच होतं, काहीतरी खरडलं तरी अर्धा-एक गुण पदरात पडायचा. कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेशपरीक्षेत, मात्र आपली मुलं गणित-इंग्रजीपेक्षा या सवयीपायी जास्त मार खातात, असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी क्वांट, म्हणजे कॅटचं गणित, शिकवतो, त्यामुळे हे रोज बघतो.

हिशेब बघा. 2024च्या कॅटला 68 प्रश्न आणि 120 मिनिटं होती. तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं, आणि एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. बरोबर उत्तराला 3, चुकीचा पर्याय निवडला की 1 वजा. (उत्तर टाइप करायचं असतं तिथे वजाबाकी नाही.) अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुणांवर 99 पर्सेंटाइल (म्हणजे टक्के नव्हे, शंभरातल्या नव्व्याण्णव जणांच्या पुढे) मिळालंय. नातेवाईक "नव्व्याण्णव टक्के पडले!" म्हणून पेढे मागतात, ते मागोत. पण बराचसा पेपर आपण हात न लावण्यासाठीच आहे, हे निदान परीक्षा देणाऱ्याला तरी कळायला हवं.

याचा खरा तमाशा डीआयएलआरमध्ये, म्हणजे तक्ते आणि तर्काच्या विभागात दिसतो. तिथे एकाच माहितीवर चार-पाच प्रश्नांचा एक संच असतो; 2024ला असे पाच संच होते. हुशार मुलगा पहिलाच संच उघडतो, झकास टेबल मांडतो, दहा मिनिटांनी अडकतो. आता एवढं केलंय तर अर्धवट कसं टाकायचं? मग आणखी आठ मिनिटं. तोवर विभाग हातातून गेलेला असतो, आणि चौथ्या नंबरचा सोपा संच त्याने उघडूनही पाहिलेला नसतो. मी सांगतो, सुरुवातीची चार-पाच मिनिटं पेन खाली ठेव, सगळे संच नुसते वाच आणि दोन निवड. ते दोन नीट झाले आणि तिसऱ्यातले एखाद-दोन प्रश्न सुटले तर उत्तमच. इंजिनिअरिंगच्या पोरांना हा सल्ला अपमानासारखा लागतो. जेईईची रग असते ना अंगात!

मराठी माध्यमातून आलेल्यांना वेगळाच धसका असतो, इंग्रजीचा. मग शब्दांच्या याद्या पाठ करणं सुरू होतं. अहो, कॅटमध्ये शब्दाचा अर्थ सरळ विचारतच नाहीत! तत्त्वज्ञान, पर्यावरण, इतिहास असल्या विषयांवरचे उतारे येतात, आणि प्रश्न असतो तो लेखकाला नेमकं काय म्हणायचंय, कशाने त्याचा युक्तिवाद ढासळेल, असा. ज्या घरात सकाळी अग्रलेखावरून वडील आणि मुलगी भांडतात, तिथे ही तालीम आधीच चालू आहे. दिवाळी अंकातला लांबलचक लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्यालाही ती असते. इंग्रजी वाचनाचा सराव लागेलच, रोज लागेल, पण ती मुलं शून्यातून सुरुवात करत नाहीत.

मॉक, म्हणजे सराव परीक्षा, किती दिल्या याची फुशारकी मला कळत नाही. मॉक दिल्यावर चुकलेले प्रश्न सगळेच बघतात. त्याहून महत्त्वाची यादी म्हणजे बरोबर आलेले, पण सहा-सात मिनिटं खाल्लेले प्रश्न. ते हातात घ्यायलाच नको होते. ही यादी करा म्हटलं की पोरं नाराज होतात, कारण बरोबर आलेल्या उत्तराबद्दल कोणी टोकलेलं आवडत नाही.

आणि मग महाराष्ट्राची एमबीए सीईटी, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांची प्रवेशपरीक्षा. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचं पुम्बा अशा एमबीए कॉलेजांची स्वप्नं बघणारी बहुतेक मुलं नोव्हेंबरात कॅट देतात आणि "आता सीईटी काय, होऊन जाईल" म्हणत महिनाभर हातावर हात ठेवून बसतात. ही परीक्षा बरोबर उलटी आहे. 200 प्रश्न, 150 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग अजिबात नाही. कॅटच्या शिस्तीत मुरलेली मुलं इथे प्रश्न चक्क कोरे ठेवून येतात! इथे आईचंच ऐकायचं. अडलात की पुढे पळा, शेवटची तीन-चार मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नावर डोळे मिटून एक पर्याय ठोका. त्यातला एखादा तरी लागण्याची शक्यता असतेच, आणि कॅप राउंडला, म्हणजे सामायिक प्रवेशफेरीत, एकेका गुणावर कॉलेज बदलतं. त्यातही 25 प्रश्न ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंगचे, म्हणजे आकृत्यांचे, जे कॅटच्या तयारीत कोणी शिवतही नाही. ते डिसेंबरपासूनच रोज थोडे करायला घ्या.