वणव्याच्या तोंडाला उभं राहू नका

शिमगा जवळ आला की फिरू लागणारा तो मजकूर यंदाही चार ग्रुपांवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गवताचा वणवा म्हणजे काही जंगलाची आग नव्हे. दहा पोरं ओले डहाळे घेऊन समोर उभी राहिली की विझतो, नाहीतर रात्री आपोआप थांबतो. आणि जळलंच तर राखेचं खत होऊन पावसाळ्यात गवत दुप्पट येतं.

'समोर उभी राहिली' हे तीन शब्द माणसं मारू शकतात. वाळलेलं गवत पातळ असतं, म्हणून ते क्षणात पेटतं. मागे जोराचा वारा असला तर ताशी 15-20 किलोमीटरने आग येते. चढावर तर आणखी वेगाने, आणि आपण मात्र चढ धापा टाकत पळतो. वणवा धरायचा तो शेपटीकडून. जिथे जळून गेलंय तिथे पाय रोवायचे आणि दोन्ही कडा विझवत तोंडाकडे सरकायचं. वारा उलटला तर मागे जळकी जमीन असते, तिथे पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं.

वारा उलटतोच. कोकणात दुपारी खारे वारे, रात्री मतलई. दुपारी जी नुसती कड होती, ती संध्याकाळी तोंड होऊ शकते. टेक्सासमध्ये 2024च्या फेब्रुवारीत हेच झालं: पश्चिमेच्या वाऱ्याने लांबलचक पसरलेली आग उत्तरेचा वारा सुटताच सगळ्या दक्षिण कडेने पुढे सरकली. 10 लाख एकरांहून जास्त जळालं, बहुतेक गवताळ माळ.

डहाळ्याला माझा विरोध नाही, झोडपण्याला आहे. डहाळा डोक्यावर उचलून आपटला की ठिणग्या पलीकडच्या गवतात उडतात. तो ज्वाळेच्या बुडावर दाबायचा आणि जळक्याकडे ओढायचा. मागून एकाने पाठीवरचा फवारणी पंप मारत यावं. अंगात सुती कपडे हवेत; नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

रात्री दव पडतं, वारा पडतो, ज्वाळा बसतात, इतपत खरं. पण वाळकं खोड आणि शेणाच्या गोवऱ्या आत धुमसत राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की तिथूनच पुन्हा. घरी जाण्याआधी कडेचं प्रत्येक खोड उकरून बघणं हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून ते राहतं.

आता खताचं. नत्र धुरावाटे उडून जातं. राखेत पालाश वगैरे उरतं, पण उतारावरची राख पहिल्याच मोठ्या सरीत ओढ्याला मिळते. जळल्यावर दिसणारी हिरवी लव मुळांतल्या साठ्यावर आलेली असते. वर्षानुवर्षं जाळलेल्या आणि चारलेल्या डोंगरावर पवन्यासारखं चाऱ्याचं गवत मागे पडतं आणि कुसळी गवत माजतं, कारण कुसळीचं बी पीळ घेत मातीत शिरतं आणि आगीतून वाचतं. कुसळं आल्यावर तिथे गुरं सोडून बघा, तोंडं कशी होतात ती.

वणवा अडवण्याचं खरं काम जाळरेषेचं, म्हणजे आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्याचं, आणि तिची वेळ वणव्याच्या आधीची. वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी, दव असताना, सकाळी वारा नसताना, दोन्ही बाजूंनी गवत कापून मधला पट्टा माणसं उभी करून जाळायचा. राखीव वनाच्या हद्दीत ते वनरक्षकाबरोबरच. तिथे परस्पर काडी लावणं हा गुन्हा आहे. आमच्याकडे यासाठी बोलावलं की आठ माणसं येतात. वणवा बघायला अख्खा गाव.