अण्णा, आधी तुमच्या कोठीतला गहू बघा

काल फॅमिली ग्रुपवर अण्णांनी तो फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडे पण आलाच असेल. 'सरकारी संशोधन केंद्रांवर कोट्यवधींचा चुराडा, पेटंट किती, कमाई किती, विषय बघा तर काय वाट्टेल ते, बंद करा आणि प्रायव्हेटला द्या.' खाली हात जोडलेले तीन. अण्णा, तुमचा मान ठेवून बोलतो.

कमाईचंच बघू. तुमच्या कोठीत लिंबाचा पाला घालून ठेवलेलं बी आहे ना, ते त्र्यंबक वाणाचं. बॅगेवर एनआयएडब्ल्यू ३०१ लिहिलेलं असतं, त्यातलं एनआय म्हणजे आपलं निफाड. राहुरी कृषी विद्यापीठाच्या निफाडच्या केंद्रात निघालेला गहू, तपोवन आणि गोदावरी पण तिथलेच, नावं तरी बघा! आता गंमत अशी की गहू स्वपरागीत, म्हणजे घरचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं. तुम्ही एकदा बॅग आणली, मग तीन-चार वर्षं घरचंच पेरलं, शेजारच्याला दोन पायल्या दिल्या, त्याने मेव्हण्याला दिल्या. केंद्राच्या वहीत जमा किती? एका बॅगेचे पैसे. वाण जेवढा हातोहात पसरला तेवढी कमाई कमी दिसणार, आणि फॉरवर्डवाला त्यालाच तोटा म्हणतोय.

प्रायव्हेटला द्या म्हणे. जे बी शेतकरी घरीच धरतो त्यात कंपनी कशाला पैसा घालेल, तिला दरवर्षी विकता येईल असं हायब्रीडच परवडतं, आणि त्यात तिची चूक पण नाही, धंदा आहे तिचा. पण मग गव्हाचं कोण बघणार?

द्राक्षाचं तर पिंपळगाव-दिंडोरीवाल्यांना सांगायलाच नको. २०१० ला सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखायचं औषध) याच्या अंशामुळे युरोपात माल अडकला होता. वेल दाबायला आपण सर्रास मारायचो ते, आणि तेव्हा तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, ही सरकारी यंत्रणेची चूक, झाकायची गरज नाही. पण नंतर ते यादीत आलं. कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं तो पीएचआयचा तक्ता पुण्याजवळच्या मांजरीच्या सरकारी द्राक्ष केंद्राचा, फुकट मिळतो. औषध विकणारा स्वतःहून सांगेल का, की भाऊ आता बास कर?

विषयांची टिंगल जुनीच आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत थॉमस ब्रॉक नावाचा माणूस यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांतले जंतू गोळा करत होता, सरकारी अनुदानावर. उपयोग काय विचारलं असतं तर सांगता आला नसता. त्यातल्याच एका जंतूतलं एन्झाइम पुढे पीसीआरला (डीएनएच्या भराभर प्रती काढायची पद्धत) लागलं, आणि कोरोनात आपण नाकात काडी घालून घेत होतो ती आरटी-पीसीआर टेस्ट त्या पीसीआरवरच चालायची.

आणि चुराडा म्हणताय तो आकडा किती, तर सरकारी-खाजगी सगळं मिळून देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के. शंभरात एक रुपया पण नाही.

फॉरवर्डमधली एक ओळ मात्र मला पटली, की काम बांधापर्यंत पोचत नाही. मी स्वतः एका केंद्रावर (नाव नको) बियाण्याला गेलो तर बी संपलंय, पुढच्या वर्षी या, एवढंच उत्तर, वर नंबर पण लिहून घेतला नाही. अहवालात मेळावे किती घेतले, किती शेतकरी आले हे असतं, पण पाच वर्षांनी तो वाण किती रानात उभा आहे हे मोजायला कोण फिरतं? भांडायचंच तर यावर भांडा ना, मी पण येतो.

आणि अण्णा, परवा तुमच्याकडे ओंब्या वरखाली दिसल्या, बी मिसळ झालंय. यंदा नवीन बॅग लागेल. निफाडला जाताना हाक मारा, माझ्या गाडीवर जाऊ.