पहिला मांजरीचा, दुसरा मॉडर्नाचा

मार्च २०२१ मध्ये टोरांटोतल्या एका औषधाच्या दुकानात, शाम्पूच्या फळ्यांमागे मांडलेल्या घडीच्या खुर्चीवर बसून मी कोविडच्या लसीचा पहिला डोस घेतला. साठी ओलांडलेल्यांना तेव्हा तिथे मिळत होता. पावतीवर नाव वाचलं आणि हसूच आलं: कोव्हिशिल्ड. म्हणजे अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. सीरमकडून कॅनडाला आलेल्या ५ लाख डोसांपैकी एक. म्हणजे माझ्या माहेरापासून रिक्षाने जाता येईल अशा पुण्याजवळच्या मांजरी गावात तयार झालेली लस मी बर्फातून चालत जाऊन घेतली होती.

जूनमध्ये दुसऱ्या डोसाची वेळ आली तेव्हा मात्र सगळं बदललेलं. रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मिळ पण गंभीर त्रासामुळे आमच्या प्रांताने मे महिन्यातच अ‍ॅस्ट्राझेनेकाचे नवे पहिले डोस थांबवले होते. १ जूनला कॅनडाची लसीकरणाची राष्ट्रीय सल्लागार समिती म्हणाली, पहिला अ‍ॅस्ट्राझेनेकाचा असेल तर दुसरा फायझर किंवा मॉडर्नाचा चालेल. मला मॉडर्ना मिळाली. रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी दंड उचलवेना.

दादाला सांगितलं तर तो पुण्याहून म्हणाला, "पहिला मांजरीचा, दुसरा अमेरिकेचा. अगं, ही मिसळ झाली. तुम्हाला उंदीर केलंय त्यांनी."

उंदीर नव्हे, कारण तोवर स्पेन आणि ब्रिटनमध्ये रीतसर चाचण्या सुरू होत्या. जूनअखेर ऑक्सफर्डच्या गटाने निष्कर्ष सांगितले: आधी अ‍ॅस्ट्राझेनेका, मग फायझर दिली तर अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या दोन डोसांपेक्षा प्रतिपिंडं जास्त. ताप-अंगदुखीही जास्त, हेही लपवलं नाही. कारण समजायला अवघड नाही. दोन्ही लसी विषाणूच्या त्याच काटेरी प्रथिनाची ओळख करून देतात, फक्त वाहन वेगळं. कोव्हिशिल्डचं वाहन चिंपांझीचा निरुपद्रवी केलेला विषाणू. तोच पुन्हा आला की शरीर त्या वाहनालाच अडवू शकतं. आणि गंमत अशी की ज्या रशियाच्या स्पुटनिक लसीला भारताने एप्रिलमध्येच परवानगी दिली होती, तिचे दोन डोस मुळातच दोन वेगळ्या वाहनांचे. दादाचे दोन मित्र ती मिसळ पैसे मोजून खाऊन आले.

तिकडे भारतात, घरी मात्र वाद वेगळ्याच वळणाने चालला होता. मे महिन्यात उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगरमध्ये काही गावकऱ्यांना चुकून पहिली कोव्हिशिल्ड आणि दुसरी कोव्हॅक्सिन टोचली गेली. त्यातल्या १८ जणांचा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने अभ्यास केला. अपाय दिसला नाही, प्रतिसाद चांगला होता. पण १८ माणसं म्हणजे किती? रीतसर चाचणीला, वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाला, परवानगी मिळाली ऑगस्टमध्ये. एवढ्या मोठ्या लसीकरणात पहिला पुरावा चुकीतून मिळावा, हे मला अजून पटत नाही. त्याच ऑगस्टमध्ये सीरमचे संस्थापक सायरस पूनावाला पुण्यात लोकमान्य टिळक पुरस्कार घेताना म्हणाले की मिसळ नकोच, काही बिघडलं तर कंपन्या एकमेकींवर ढकलतील. वैद्यकापेक्षा हा व्यवहाराचा मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. पण बोलणारा स्वतः लस विकणारा होता, हे आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणालाच खटकलं नाही.

आता आमच्या शहाण्या कॅनडाचं ऐका. इथे मिसळ सुचली ती विज्ञानाच्या प्रेमापोटी नाही, एक लस बाजूला ठेवावी लागली आणि दुसरी हाताशी होती म्हणून. त्याच समितीने मे महिन्यात फायझर-मॉडर्नाला 'पसंतीच्या' लसी म्हटलं, तेव्हा माझ्यासारख्या कोव्हिशिल्डवाल्यांना शिळं वाढल्यासारखं वाटलं. मग 'मॉडर्ना नको, फायझरच द्या' म्हणत रांग सोडणारे सुशिक्षित लोकही पाहिले. पुढे प्रवासात गाडी अडली: अमेरिका मिश्र डोस धरेना, क्वेबेकने तर प्रवासासाठी म्हणून तिसरा डोस देऊ केला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने ते मान्य केले तेव्हा कुठे सुटलो. शरीराला चाललेली मिसळ कागदाला पाच महिने पचली नाही.

फरक एवढाच की इथे निर्णय बदलला की का बदलला ते लिहून मिळायचं, नकोसं असलं तरी. भारतात जानेवारी २०२२ मध्ये तिसरा डोस सुरू झाला तेव्हा नियम आला: आधीचीच लस. का, हे दादाला केंद्रावर कुणी सांगेना. वेल्लोरच्या चाचणीत तर कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना वरून कोव्हिशिल्ड दिली की प्रतिपिंडं जास्त दिसली. नियम तसाच राहिला. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादच्या कोर्बेव्हॅक्सला आधीच्यापेक्षा वेगळी लस म्हणून तिसऱ्या डोसासाठी परवानगी मिळाली.

दादाने टाळत टाळत तिसरा डोस तोवर ढकलला होता. केंद्रावर त्याला विचारलं, कोर्बेव्हॅक्स चालेल का? संध्याकाळी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मी म्हटलं, हैदराबादची बिर्याणी चालेल. लस मांजरीचीच द्या."