बैलाने सांगितलं वाटतं! : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक पशुप्रेमी, पुणे’ यांस,

कॅन्सर झालेलं एका बैलाचं शिंग इंजेक्शन देऊन कापलं, बैल हललाही नाही, असं मी लेखात लिहिलं होतं. त्याखाली आपण म्हणता : “बैल हलला नाही म्हणजे त्याला दुखलं नाही, हे डॉक्टरसाहेबांना बैलाने सांगितलं वाटतं! लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) दोन तासांत उतरतं. त्या रात्री गोठ्यात काय झालं? आणि ‘इंजेक्शन लावलं’ हे कुठलं मराठी?”

शेवटचं आधी. चूक मान्य, ‘दिलं’ हवं होतं. लेखात दुरुस्त केलंय. चार पिढ्या इंदुरात गेल्यावर हिंदी तोंडात बसते. रामबागेत ते कुणाला खटकत नाही, पुण्यात खटकणारच.

आता ते ‘वाटतं!’. शंका असेल तर सरळ विचारावी, मी वयाने मोठा आहे म्हणून नव्हे, पण निदान नाव तरी लिहावं. पडद्याआडून टोमणा मारायचा आणि स्वतःला प्रेमी म्हणवायचं, हे काही मला जमलेलं नाही.

१९७८ साली महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो. पुढची ३१ वर्षं इंदूरजवळच्या देपालपूर-बेटमा भागात गेली, बरीचशी मोटारसायकलवर. लेखातला तो बैल आणला तेव्हा शिंग एका बाजूला लोंबत होतं आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येत होतं. शिंग काढण्यावाचून इलाज नव्हता. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या साधारण मध्यावर, हाडाच्या कडेखाली शिंगाची नस (मज्जातंतू) असते. तिथे दोन टक्क्यांचं लिग्नोकेन दिलं. मोठ्या जनावरात शिंगाच्या मागूनही द्यावं लागतं, कारण तिकडे मानेकडच्या नसा पोचतात. ते औषध नसेत सोडियम शिरायची वाट अडवतं, म्हणून वेदनेचा निरोप मेंदूकडे निघतच नाही. मग पाच-दहा मिनिटं नुसतं थांबायचं (मालक घाई करतो, त्याला चहा आणायला पाठवायचं) आणि शिंगाच्या बुडाभोवती सुई टोचत जायचं. कान हलला, कातडी थरथरली, तर करवतीला हात लावायचा नाही.

म्हणजे बैलानेच सांगितलं की हो! सुई टोचून विचारलं आणि त्याने उत्तर दिलं. एकदाच, १९८३ साली, मी न विचारता करवत चालवली. त्याची खूण माझ्या डाव्या मांडीवर आहे, सात टाक्यांची. आपण किती बैलांच्या शिंगांपाशी उभे राहिलात, हे मी विचारत नाही. विचारायला हवं होतं खरं तर.

दोन तासांचं म्हणणं पुस्तकी आहे आणि पुस्तकात ते मीही वाचलंय. त्या दिवशी ॲनालजिन हे वेदनाशामकही दिलं होतं, लेखात लिहायचं राहून गेलं. तेव्हा आमच्याकडे तेच असे, मेलोक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक नंतर आलं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, त्याने मेलेली गिधाडं आणि जनावरांसाठी त्यावर आलेली २००६ ची बंदी हा विषय इथे काढू नका, त्यावर वेगळं लिहिणार आहे. राहिली रात्र. सातची शेवटची बस गाठायची होती, मी निघालो. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याबरोबर निरोप आला, बैल रवंथ करतोय, म्हणजे बरा आहे. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या वेळी नाव लिहा. गुरांच्या दवाखान्यातसुद्धा रजिस्टरवर आधी मालकाचं नाव लागतं, मग जनावराची तक्रार.