आखाजी ते आखाजी

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि नवं सालही आखाजीलाच धरतात. माझ्या गाडीचा हिशेब मी त्याच दिवसापासून मांडतो. गेल्या आखाजीला मनाशी पक्कं केलं होतं की हे अख्खं साल फिरायचं ते खान्देशातच. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचा डोंगर, मधून पश्चिमेकडे निघालेली तापी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जळगाव, धुळे, नंदुरबार. साल भरलं. आता जे वाटतंय ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागातल्या गाडीवेड्या पोरांशी मला या विषयावर मनापासून बोलायचंय.

गाडी साडेतीनशेची बुलेट. तीच कामाला, तीच फिरायला. माझं काम ठिबकचं. अमळनेरहून चोपडा, शिरपूर, पारोळा या पट्ट्यात रोज शेतं गाठावी लागतात. मागच्या सीटवर कधी नळीचं बंडल, कधी फिल्टरचं खोकं, घरी येताना किराणा. रविवारी तेच सामान उतरवायचं, चेन पुसून तेल लावायचं आणि निघायचं.

आपल्याकडे कुणी जरा मोठी गाडी घेतली की पहिला प्रश्न येतो, "मग लडाख कधी?" लडाखचा रस्ता मोठाच आहे, जाऊन आलेल्यांचं मला कौतुक आहे. पण शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सात पायरीचा घाट चढून जो तोरणमाळला पोचलेला नाही, त्याने आधी घरचा मुलूख बघावा, हे माझं ठाम मत आहे. आणि एकदा बघून भागत नाही. तोच रस्ता उन्हात, पावसात, कापूस निघतो तेव्हा आणि होळीला, असा पुन्हा पुन्हा करावा. मगच तो कळतो.

सुरुवात मे महिन्यापासून करतो, कारण बाहेरचे लोक खान्देशाला घाबरतात ते या महिन्यामुळे. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात हाफ शर्ट घालून, काच वर करून गाडी चालवणारे रोज दिसतात. वारा लागला की बरं वाटेल अशी समजूत. पण हवाच अंगापेक्षा जास्त तापलेली असली तर वारा अंग गार करत नाही, अंगातलं पाणी तेवढं पळवतो. म्हणून आत ओला सुती बनियन, वरून पूर्ण बाह्यांचं जॅकेट, गळ्याला ओला रुमाल आणि हेल्मेटची काच खाली. दर तासाभराने सावलीत थांबून पाणी, मिळालं तर मीठ घातलेलं ताक. टायरची हवा सकाळी टायर थंड असताना बघायची, तापल्यावर ती वाढलेली दिसते म्हणून काढून टाकायची नाही. आणि खरं सांगायचं तर पहाटे चारला निघून दहाच्या आत मुक्काम गाठणं, यापेक्षा मोठा उपाय नाही.

तोरणमाळचा रस्ता मी अशाच मे महिन्यातल्या पहाटे केला. शहाद्यापर्यंत रात्रीची धग रस्त्यातून वर येत होती. राणीपूर सोडलं, घाट लागला, आणि एकेका वळणावर हवा उतरत गेली. वर साधारण ११५० मीटरवर यशवंत तलावाच्या काठी गाडी लावली तेव्हा जॅकेट अंगावरच ठेवावंसं वाटलं. एका टाकीच्या पेट्रोलमध्ये भट्टीतून थंड हवेत नेणारा रस्ता आपल्या घराशी आहे.

मृग लागला की आमच्याकडे रस्त्याची जातच बदलते. खान्देशातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. रस्त्याखालची जमीनच अशी वरखाली होत राहिली की वरचं डांबर सरळ कसं राहणार? पारोळा-अमळनेरकडचे आतले रस्ते लाटा आल्यासारखे होतात ते म्हणून. त्यात डांबराची कड आणि साईडपट्टी यांत वीतभर खाच पडलेली असते. समोरून एसटी आली म्हणून खाली उतरलात तर परत वर चढताना तिरकं चढू नका. पुढचं चाक त्या कडेला घासत जातं आणि हँडल हातातून निसटतं. वेग पार कमी करून, जमेल तितकं कडेच्या काटकोनात वळून चढायचं.

आणि शेतरस्ता. पहिल्या जोरदार पावसानंतर एका शेतकऱ्याचा फोन आला, ठिबकचा वॉल्व्ह फुटलाय. डांबरी सोडून शेतवाटेने जेमतेम पाचशे फूट गेलो असेन. काळा चिखल आधी टायरवर चढला, मग टायर आणि मडगार्डच्या मधे भरत गेला. वरून कापसाच्या पऱ्हाटीच्या जुन्या काड्या त्यात अडकल्या, सगळं घट्ट बसलं आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. गाडी चालू, गिअरमध्ये, आणि चाक जाम. बांधावरून ते शेतकरी, आप्पा, हातात वाकडी सळई घेऊन आले. ती सळई ते या दिवसांत गाडीलाच बांधून ठेवतात. मडगार्डच्या आत घालून त्यांनी चिखलाची अख्खी कमान ओढून काढली, दहा पावलांवर परत तेच, परत सळई. आप्पांच्या जुन्या स्प्लेंडरला पुढचं मडगार्डच नाही, आणि ते का नाही हे मला त्या दिवशी नीट कळलं. हजारो रुपयांचे कोर्स करून जी गोष्ट शिकवतात, चिखलात ब्रेक न दाबता पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत गाडी काढणं, ती आमच्याकडे कापूस पिकवणारी माणसं रोज करतात, मागे युरियाची गोणी बांधून. आपल्या भागातली खरी चालवणारी माणसं ही आहेत. कुठल्या रायडिंग ग्रुपमध्ये ती दिसत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

पावसाळ्यातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण पाटणादेवी. चाळीसगावहून थोडंच अंतर, मग गौताळ्याचं जंगल, आणि पाऊस बरा असेल तर केदारकुंड, धवलतीर्थ भरून कोसळत असतात. लोक धबधब्याचे फोटो काढून परततात. थोडं थांबा. इथल्या पाटण गावातल्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ सुरू केला. काळ १२०७ च्या सुमाराचा. आठशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या पायथ्याशी पोरं गणित शिकत होती. शाळकरी मुलगा असेल घरात तर त्याला मागे बसवून न्या आणि हे तिथे उभं राहून सांगा. बाजूच्या कन्नड घाटात मात्र भर पावसात हिरोगिरी नको. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी तिथे ज्या दरडी कोसळल्या त्या आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. दसरा-दिवाळीच्या पुढे कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. ट्रॉलीच्या कडेला फळ्या उभ्या करून कापूस इतका ठासून भरतात की तो चारी बाजूंनी फुगून बाहेर येतो. मागचे दिवे असलेच तर झाकले जातात. बहुतेक ट्रॉल्यांना ते नसतातच. रात्री आठला, समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यावर असताना, ही ट्रॉली तुम्हाला दिसते तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं. आमच्या तालुक्यात या कारणाने गेलेली तरणी पोरं प्रत्येकाला आठवतील. मला दोन आठवतात, दोघांच्या घरी मी बसायला गेलोय.

तेव्हापासून मी डिक्कीत लाल रिफ्लेक्टर टेपचं रीळ ठेवतो. ज्याच्या शेतात कामाला जातो, त्याची ट्रॉली उभी दिसली की मागची फळी ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी होऊ द्यायची आणि दोन्ही टोकांना आडवी व उभी पट्टी लावायची. "हाई काय करी ऱ्हायना भाऊ?" म्हणत मालक येतात. सांगितलं की स्वतः फडकं घेतात. पुष्कळांनी मग बैलगाडीलाही लावून घेतली. खर्च म्हणाल तर दोन चहाचा. आपल्याकडच्या रायडिंग ग्रुपांनी टी-शर्ट छापण्याआधी हे काम अंगावर घ्यावं. एकेका ग्रुपने एकेक गाव घेतलं तरी पुढच्या वेचणीच्या आत तालुका होईल.

थंडीबद्दल फार लिहीत नाही, थंडीत खान्देश कुणालाही आवडतो. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता सकाळी करा. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, आणि बाग लागली की गारवा थेट मानेवर जाणवतो. फैजपूरला दोन मिनिटं गाडी थांबवा. १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, ते इथे झालं. पुढे कुणाच्या शेतात भरताचा बेत असेल तर हात धुवून बसा. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचताना येणारा वास कुठल्या हॉटेलात मिळत नाही. दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा. मी तिथे घोड्यांच्या बाजारात तास न् तास उभा होतो. घेणारा माणूस घोड्याचे दात बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, मग चालवून त्याची चाल बघतो. गाडी घेताना आपण त्याच्या निम्मंही बघत नाही.

पण सालाचा कळस म्हणजे होळी. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या अंगाला गेलं की काठी हे गाव. तिथली राजवाडी होळी. घाटात पळस पेटलेला, मोहाची फुलं रस्त्यावर पडलेली, त्यांचा गोडसर वास हेल्मेटच्या आत येतो. पहाटे बाया-पोरं टोपल्या घेऊन ती वेचत असतात. तिथे हॉर्न वाजवून त्यांना बाजूला करायचं नाही, आपण थांबायचं. काठीला उंच बांबू उभा राहतो, अंगावर नक्षी काढलेले, कमरेला भोपळे-घुंगरू बांधलेले बावा-बुध्या रात्रभर ढोलावर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. हा त्या लोकांचा देवकार्याचा दिवस. नाचणाऱ्यांच्या तोंडाशी मोबाईल धरणारे, मोरपिसांचा टोप मागून सेल्फी काढणारे आपल्याच शहरांतले होते, बघून जीव तळमळला. एका पावरा आजोबांनी मला बसायला घोंगडी दिली आणि भाकर पुढे केली. माझं त्यांचं बोलणं धड कळत नव्हतं, दोघंही हातवारे करत होतो. मी रात्रभर मोबाईल बाहेर काढला नाही. बघितलं ते पुरेपूर बघितलं.

याच रस्त्यांवर सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचे फटाके ऐकू आले की माझा राग अनावर होतो. पाड्यात तान्ही पोरं झोपलेली असतात, रानात जनावरं असतात, कुणाचा बैल बुजतो आणि जू मोडून पळतो. बुलेटचा मूळचा आवाज तालेवार आहे, त्यात भर घालायची गरज नाही. ज्याला फोडायचे असतील त्याने माझ्यासोबत येऊ नये, मित्र असला तरी.

आणि हेल्मेट. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही लागू आहे. आपल्याकडे मागे बसणारी बहुधा बाई असते, साडीत, एका बाजूला पाय टाकून, पकडायला धड काही नाही, आणि हेल्मेट मात्र पुढच्या पुरुषाला. हे मला पटत नाही. या आखाजीला मुराळी म्हणून मी शहाद्याला ताईला आणायला गेलो. आधी वडील बैलगाडी घेऊन मुराळी जायचे, आता भाऊ मोटरसायकल घेऊन जातात. ताईसाठी तिच्या मापाचं हेल्मेट सोबत नेलं होतं. "लोके काय म्हनतीन?" म्हणाली. तिच्या सासूबाईच पुढे आल्या, तिचा पदर मागे सारला आणि हनुवटीचा पट्टा स्वतः लावला. शिरपूरपर्यंत ताई गप्प होती, नंतर गौराईचं गाणं म्हणायला लागली, हेल्मेटच्या आतून.

बहिणीला साडी घेताच ना? एखाद्या वर्षी आयएसआय मार्कचं हेल्मेट घ्या. ते तिच्या डोक्यावर घालून बघून घ्या, हलत असेल तर लहान मापाचं मागा.

नवं साल सुरू झालंय. पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून गेले की एका रविवारी पाटणादेवीला निघायचंय, अमळनेरहून पहाटे पाचला. डबा घरचा, प्लास्टिक परत आणायचं, सायलेन्सर कंपनीचा, मागे कुणी असेल तर हेल्मेट दोन. गाडी कुठलीही चालेल, शंभर सीसी असली तरी, वेग तिच्याच बेताने ठेवू. वाटेत दिसेल त्या ट्रॉलीला पट्टी लावत जायचंय, तेव्हा एखादं रीळ आणि जुनं फडकं घेऊन या. यायचं असेल त्यांनी खाली गावाचं नाव लिहा.