कुंची कुणाकडे आहे?

आमच्या घराण्यात मूल झाल्याचं कळलं की पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो, "कुंची कुणाकडे आहे?" बरीच वर्षं उत्तर एकच आहे. सांगलीला, माझ्याकडे.

ही पणजीनं हातानं शिवलेली. डोक्याला तिच्या इरकलीचा लाल पदर, पाठीवर खणाची झालर, कडेनं मोती, हनुवटीखाली बांधायला बंद. काठाजवळ तिचे टाके अजून दिसतात, तांदळाच्या कणीएवढे. पुढे आजीनं अस्तर बदललं, आईनं मोती बदलले आणि काकूनं बंद काढून वेलक्रो लावला. त्यावरून दोन वर्षं अबोला होता. आता बंदही आहेत आणि वेलक्रोही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरात पाणी जिन्याच्या पायऱ्या मोजत वर येत होतं. मी खरेदीखत आणि प्रमाणपत्रं छातीशी धरून उभा, तर आई म्हणते, "ते राहू दे, आधी कुंची घे." स्टीलच्या डब्यात कुंची घालून, झाकण दाबून मी बोटीत बसलो. जवानानं विचारलं, आत काय आहे? आई म्हणाली, "बाळाचं आहे." बाळ घरातच राहिलं की काय म्हणून तो बिचारा बोट परत वळवायला निघाला. रात्री आत्याचा फोन. "भिजली नाही ना?" आम्ही भिजलो होतो, पण तसं कुणी विचारलं नव्हतं.

यंदा भाचीला मुलगी झाली. बारसं मे महिन्यात, सांगलीच्या उन्हात. "ड्रायक्लीनला दिलीस तर याद राख," असं आईनं बजावल्यामुळे मी आदल्या रात्री रिठे भिजत घातले. सकाळी फेसात कुंची हळूच बुचकळली, पिळली नाही, सावलीत उलटी वाळत घातली आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत काठी घेऊन बसलो. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, घरगुती.

बारशाला बाळ एका झबल्यात, पंख्याखाली खुशीत होतं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं आणि चौघींनी मिळून कुंची चढवली. बंद की वेलक्रो, हा वाद पाळण्यावरच पुन्हा पेटला. तोवर बाळ मानेपासून वर लालेलाल होत गेलं. पदराचा लाल कुठं संपतो आणि बाळ कुठं सुरू होतं, कळेना. फोटोग्राफर म्हणतोय, "जरा हसवा ना." त्याला काय ठाऊक? आमच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत बाळ वेगळं, पण कुंची तीच आणि वासलेला जबडाही तोच. आजोबांचा कृष्णधवल फोटोसुद्धा याला अपवाद नाही. माझ्या फोटोत तर पडजीभ दिसते.

मिनिटभरही झालं नसेल. बाळानं एक उचकी दिली आणि मघाचं सगळं दूध झालरीवर ओतलं.

हॉलमध्ये शांतता पसरली. बाळाकडे कुणी बघेना, सगळे माझ्याकडे बघत होते. नाव सांगून पाठीवर बुक्के खात वाकलेली भाचीची नणंद तेवढी हसली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आत्या ओरडली, "अरे, रुमालानं घासू नकोस! रिठे उरलेत का?"