इजिप्तमध्ये लग्नाला काही किंमतच नव्हती? तो फॉरवर्ड मुद्द्यामुद्द्याने खोडतेय

'प्राचीन इजिप्तची लपवलेली रहस्यं' असा एक लांबलचक मेसेज बरेच महिने फिरतोय. माझ्याकडे तो आला तेव्हा मी सोडून दिला होता, पण आता आमच्या बाबांनी तोच मेसेज ज्येष्ठ नागरिक संघात 'संस्कृती का बुडतात' या विषयावर बोलताना जसाच्या तसा वाचून दाखवला आणि पन्नास माणसांनी माना डोलावल्या, म्हणून लिहायला बसलेय. मेसेजमध्ये काय आहे तर: फॅरो (म्हणजे तिथला राजा) दरवर्षी नाईलकाठी लोकांसमोर हस्तमैथुन करायचा म्हणजे नदीला पूर येईल; तिथे घरोघरी सख्ख्या बहिणीशी लग्न व्हायचं; लग्न अशी काही भानगडच नव्हती, कोणीही कोणाबरोबर राहायचं आणि व्यभिचाराचं कोणाला काही वाटायचं नाही; त्यांचं स्वतःचं कामसूत्र होतं; मगरीच्या विष्ठेने गर्भ रोखायचे; आणि या स्वैराचारामुळे ती संस्कृती बुडाली, आपली टिकली.

नाईलची गोष्ट सगळ्यात जास्त शेअर होते आणि तिला एकही पुरावा नाहीये. ना शिलालेख, ना पपायरस (तिथला लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला कागद). दोन खऱ्या गोष्टींची कोणीतरी खिचडी केलीये. हेलिओपोलिस या तिथल्या प्राचीन नगराच्या सृष्टीकथेत आतुम हा देव सुरुवातीला एकटाच असतो आणि हस्तमैथुनातून शू आणि तेफनुत ही पहिली जोडी निर्माण करतो, हे पिरॅमिडच्या आत कोरलेल्या मंत्रांतसुद्धा आहे. आणि मिन हा सुफलतेचा देव, त्याची मूर्ती ताठ लिंगाची असते, त्याचा मोठा उत्सव व्हायचा. पण तो उत्सव कसा व्हायचा ते मेदिनेत हाबूला तिसऱ्या रामेसिसच्या देवळाच्या भिंतीवर आख्खं कोरलंय: मिरवणूक, पांढरा बैल, पुजाऱ्यांच्या खांद्यावर देव, चार दिशांना सोडलेले पक्षी, आणि राजा विळ्याने धान्याची पेंढी कापतोय. मेसेजमधला प्रकार तिथे कुठेच नाही. देवाची कथा उचलायची, राजाच्या नावावर खपवायची आणि वर 'दरवर्षी' असं ठोकून द्यायचं, याला इतिहास म्हणत नाहीत.

आता लग्न आणि व्यभिचार. मला राग येतो तो खरा या मुद्द्याचा, कारण इथे पुरावा नुसता आहे असं नाही, ढीगभर आहे, आणि तोही साध्या लोकांचा. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिमेला देर अल-मदिना नावाची वस्ती होती, राजांच्या कबरी खोदणाऱ्या-रंगवणाऱ्या कारागिरांची. त्या लोकांना लिहायची सवय, त्यामुळे भांडणं, उधारी, मृत्युपत्रं सगळं खापरांवर आणि पपायरसवर राहिलंय. ब्रिटिश म्युझियममध्ये १०४१६ नंबरचा एक पपायरस आहे, विसाव्या राजवंशाच्या शेवटाकडचा, म्हणजे आजपासून तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. ते एका बाईला लिहिलेलं पत्र आहे. नेसामेनेमोपे नावाचा एक विवाहित माणूस आठ महिने तिच्याकडे जातोय. एका संध्याकाळी लोक जमतात, बायका-पुरुष, लहान-थोर, आणि निघतात तिला आणि तिच्या घरच्यांना मारायला. एक कारभारी त्यांना कसंबसं अडवतो. आणि मग तिला निरोप जातो की त्या माणसाला तू खरंच हवी असशील तर त्याने बायकोला घेऊन न्यायसभेत जावं, रीतसर शपथ घेऊन मोकळं व्हावं आणि मग तुझ्याकडे यावं. नाहीतर या वेळी लोकांना अडवलं, पुढच्या वेळी अडवणार नाही.

हे वाचल्यावर कोण म्हणेल की तिथे कोणाला काही वाटत नव्हतं? आख्खी वस्ती अंगावर जातेय. आणि बघा, जमाव जातोय तो बाईच्या दारात, आठ महिने ये-जा करणाऱ्या पुरुषाला कोणी हात लावल्याचं पत्रात नाही. ते मला अजिबात आवडत नाही, पण समाज 'मुक्त' होता या दाव्याच्या तर ते बरोब्बर उलटं आहे.

त्याच वस्तीतला पानेब हा मुकादम. त्याच्याविरुद्ध वझीराकडे गेलेली तक्रार ब्रिटिश म्युझियममध्येच आहे. त्यात राजाच्या कबरीतल्या चोरीच्या आरोपाबरोबरच त्याने कोणाकोणाच्या बायकांशी संबंध ठेवले याची नावानिशी यादी आहे. तक्रार करणारा त्याचा वैरी होता, सगळं खरं असेलच असं नाही, पण ज्या गोष्टीची लाज नसते ती कोणी आरोपपत्रात घालत नाही ना. शिवाय मेल्यावर ४२ देवतांसमोर जी कबुली द्यायची त्यात 'मी परस्त्रीशी संग केला नाही' असंही एक वाक्य आहे. लोककथांत तर व्यभिचारी बायकोला जाळल्याचं येतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घटस्फोटावर मिटायचं असं दिसतं.

एवढं मात्र मान्य करते की लग्नाचा धार्मिक विधी किंवा सरकारी नोंद होती असा पुरावा सापडत नाही. दोघांनी एकत्र घर मांडलं की लग्न. पण त्याच्यामागे मालमत्तेचे नियम पक्के होते, पुढच्या काळात लेखी करार यायला लागले, घटस्फोट दोघांपैकी कोणीही घेऊ शकायचं आणि बाई आपला हिस्सा घेऊन निघायची. त्याच वस्तीतल्या नौनाख्तेचं मृत्युपत्र ऑक्सफर्डला आहे, पाचव्या रामेसिसच्या तिसऱ्या वर्षाचं. म्हातारपणी ज्या मुलांनी बघितलं नाही त्यांना तिने आपल्या वाट्यातून सरळ वगळलंय. विधी नाही म्हणजे लग्न नाही हे कुठलं लॉजिक?

बहिणीशी लग्न. यात अर्धं खरं आहे, आणि ते नाइलाजाने सांगावं लागतंय. राजघराण्यात अशी लग्नं व्हायची, अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजघराण्यातल्या टॉलेमी दुसऱ्याने सख्ख्या बहिणीशी केलं, शेवटच्या क्लिओपात्राची दोन्ही लग्नं तिच्या धाकट्या भावांशी लावली गेली. पण राजघराण्यातही हा नियम नव्हता, तिसऱ्या आमेनहोतेपची पट्टराणी तिये राजकन्या नव्हतीच. सामान्य लोकांचं म्हणाल तर यारोस्लाव चेर्नी या अभ्यासकाने १९५४ मध्ये फॅरोकाळातली शेकडो लग्नं तपासली, त्यात भावाबहिणीची म्हणता येतील अशी अगदी तुरळक निघाली. मग सर्रास कधी दिसतात? रोमन काळात. रोमन सरकार दर १४ वर्षांनी जनगणना करायचं, तिचे कागद उरलेत, आणि इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांतल्या त्या कागदांत साधारण १५ ते २० टक्के लग्नं भावाबहिणीची दिसतात. का, यावर अभ्यासक अजून भांडतायत. आकडा धक्कादायक आहे, मी तो लपवत नाही, पण पिरॅमिड तोवर अडीच हजार वर्षांचे जुने झाले होते. बाकी आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं आणि उत्तरेतल्या कित्येकांना ते ऐकूनच कसंतरी होतं, तेवढं एक डोक्यात ठेवून इतरांबद्दल बोलावं.

कामसूत्र म्हणजे तुरीनच्या म्युझियममधला तो पपायरस. त्यात संभोगाची चित्रं आहेत हे खरं, पण त्याच गुंडाळीत प्राणी माणसांसारखे वागतायत अशी थट्टेची चित्रंही आहेत, शिकवणीचं पुस्तक ते मुळीच दिसत नाही. आणि असा कागद एकच सापडलाय, त्यावरून देशभराची रीत ठरत नाही. उलट हेरोडोटस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार, जो इजिप्शियनांबद्दल वाट्टेल ते ऐकून लिहितो, तोही सांगतो की देवळात संभोग करू नये आणि संभोगानंतर अंघोळ न करता देवळात जाऊ नये हे नियम आधी त्यांनीच घातले.

मगरीची विष्ठा? हो, काहूनच्या वैद्यकीय पपायरसमध्ये ती कृती आहे. पुढच्या एबर्स पपायरसमध्ये बाभूळ, खजूर आणि मधाचा बोळा आहे. मुलं कधी व्हावीत याचा विचार करणं यात स्वैराचार काय आहे?

आणि शेवटचं, 'म्हणून बुडाली'. अहो, तीन हजार वर्षं टिकली ती. इ.स.पू. ५२५ ला इराणी आले, ३३२ ला अलेक्झांडर, ३० ला रोमन. ज्या बहीण-भावाच्या लग्नांवर सगळं खापर फोडलंय ती सामान्य घरांतून दिसतात तीच मुळी राज्य गेल्यानंतर. देवळं चालूच होती, पुजारी जुनी लिपी लिहीतच होते. मग चौथ्या शतकाच्या शेवटी रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदीचे हुकूम काढले, आणि हायरोग्लिफ या चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख दक्षिण इजिप्तमधल्या फिलेच्या देवळात इ.स. ३९४ मध्ये कोरला गेला. यात कोण कोणाबरोबर झोपत होतं याचा काय संबंध आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं.